लेथ नाही, राउटर नाही. घरी स्नेअर ड्रम होईल का?

प्रश्न

वाचक चाळिशी ओलांडलेले आहेत, नोकरी टेबलावरची. सुतारकामाचा नाद जुना; घरातलं एक कपाट आणि दोन स्टुलं त्यांनी स्वतः केली आहेत. तेरा वर्षांची मुलगी दोन वर्षांपासून ड्रम शिकते. तिचा वाढदिवस दोन महिन्यांवर आलाय आणि तिला स्वतःच्या हातचा लाकडी स्नेअर ड्रम (खालून तारा लावलेला, सळसळत वाजणारा ड्रम) द्यायचा त्यांचा बेत आहे, तोही तिला पत्ता लागू न देता. हत्यारं म्हणाल तर करवत, रंधा, पटाश्या, कानशी, ड्रिल मशीन आणि चार क्लॅम्प. मित्र म्हणतो, लेथ (लाकूड फिरवून गोल तासायचं यंत्र) आणि राउटर (लाकडाचे काठ-खाचा कोरायचं यंत्र) यांच्याशिवाय जे होईल ते खेळणं असेल, वाद्य नव्हे. बायको म्हणते, यंत्रांवर पैसे घालायचे तर तेवढ्यात चांगला तयार ड्रम येईल. त्यांनी तीन गोष्टी विचारल्यात: टेबल सॉ (टेबलात पातं बसवलेली यंत्रकरवत) आणि राउटर हप्त्यावर घ्यावेत का? मेपल मिळत नाही, मग लाकूड कोणतं? आणि थोडं काम बाहेरून करून घेतलं तर ‘मी केलेला’ असं म्हणायला तोंड राहील का?

उत्तर

होईल. टेबल सॉ नको, राउटरही नको, हप्त्यांचा विचार आजच सोडून द्या. नवं यंत्र आलं की आधी त्याच्याशी हात बसावा लागतो, त्याला जागा करावी लागते, त्याचे कोन जुळवावे लागतात. तुमचे दोन महिने त्यातच जातील. त्या बाबतीत तुमच्या बायकोचं गणित बरोबर आहे.

मित्राचं मात्र अर्धंच बरोबर आहे. कारखान्यात खोड, म्हणजे ड्रमचा गोल लाकडी सांगाडा, लेथवर फिरतं, राउटर फिरवला की काही क्षणांत काठ पडतो, आणि ते पाहिलेल्या माणसाला वाटतं की यंत्रांमुळेच ड्रम होतो. तिथे यंत्रं असतात ती रोज एकसारखे ड्रम काढायचे असतात म्हणून. तुम्हाला एकच काढायचाय, आणि तो दुसऱ्या कुठल्या ड्रमसारखा असण्याची सक्ती नाही.

मेहनत कुठे ओतायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा हे कळायला स्नेअर वाजतो कसा ते पाहू. काठी वरच्या हेडवर, म्हणजे तोंडावर ताणलेल्या पातळ पडद्यावर, पडते, आतली हवा दाबली जाते, ती खालच्या हेडला ढकलते आणि त्याला टेकलेल्या तारा त्यावर आपटून सळसळतात. वरचं हेड साधारण पाव मिलिमीटर जाड, खालचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं. या सगळ्यात खोडाचं, म्हणजे शेलचं, मुख्य काम गोल राहायचं आणि ताण सोसायचा. हेड खोडाला टेकतं ते फक्त दोन काठांवर, तेही जेमतेम मिलिमीटरभर रुंद रेषेवर. या काठाला ड्रमवाले बेअरिंग एज म्हणतात. तो सपाट असेल तर साधं लाकूडही बोलतं. त्यात अर्ध्या मिलिमीटरचा खड्डा असेल तर महागातलं महाग खोड घ्या, एका स्क्रूपाशी सूर लागेल आणि शेजारच्यापाशी उतरेल. आणि हा काठ करायला काय लागतं? जाड काच, पॉलिशपेपर, कानस आणि चिकाटी. पहिल्या दोन गोष्टी सोडल्या तर बाकीचं तुमच्याकडे आहेच.

म्हणून लाकडाच्या प्रश्नावर मी तुमच्याइतकी हळवी नाही. रेकॉर्डिंगमध्ये सर्वाधिक वापरलेल्या स्नेअरचा विषय निघाला की ज्याचं नाव हमखास घेतलं जातं तो लुडविग या ड्रम कंपनीचा सुप्राफोनिक १९६० च्या दशकापासून ॲल्युमिनियमचा आहे. लाकडाने फरक पडत नाही असं मी म्हणत नाही. पडतो, पण हेड, त्यांचा ताण, काठाचा आकार आणि तारा यांच्यानंतर. मेपल, बर्च, बीच, अक्रोड, महोगनी, ओक, साग, सगळ्यांचे ड्रम होतात. तुम्ही जात बघू नका, फळी बघा. रेषा सरळ आहेत का, गाठी नाहीत ना, एका टोकाकडून पाहिलं तर पीळ दिसत नाही ना, आणि मुख्य म्हणजे पुरती वाळलीय का. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही, आकसतं ते रुंदीत. आपण जे खोड करणार आहोत त्यात रेषा उभ्या असतात, म्हणजे फळी ओली असेल तर नंतर घेरच बदलणार आणि सांधे उकलणार. म्हणून फळी आणल्यावर निदान दोन आठवडे ज्या खोलीत काम करणार त्याच खोलीत, चारही बाजूंनी वारा लागेल अशी ठेवा. साग घेतलात तर त्यात तेल असतं. चिकटवण्याच्या थोडं आधी सांध्याच्या कडा ॲसिटोनने पुसा, नाहीतर गोंद धरत नाही.

आता खोड. ते करायच्या चार-पाच रीती आहेत आणि मित्राच्या डोक्यात बहुधा त्यांतल्या अवघड असतील. पातळ थर साच्यात दाबून प्लायचं खोड करतात. त्यासाठी साचा आणि ढीगभर क्लॅम्प हवेत. अखंड फळी वाफेवर वाकवतात. फळी तडकण्याची भीती आणि वाफेची पेटी, दोन्ही आलं. लहान तुकड्यांच्या कड्या करून विटांच्या भिंतीसारखी सांधेमोड करत एकावर एक चढवतात. ते सुंदर दिसतं, पण आत-बाहेर गोल करायला लेथ किंवा राउटर जवळजवळ लागतोच. राहिली उभ्या पट्ट्यांची रीत. लाकडी पिंपं याच रीतीने बनतात: तिरक्या कडांच्या पट्ट्या शेजारी-शेजारी उभ्या करून घेर बंद करायचा. यात सांधा रेषांच्या दिशेने येतो, आणि गोंदाला तोच सर्वांत मानवतो. बाहेरून गोल करतानाही रंधा रेषांच्या दिशेने चालतो. तुमच्या हत्यारांना ही रीत सोयीची आहे.

पट्ट्या किती? जितक्या जास्त तितकी पातळ फळी पुरते, पण सांधे वाढतात. १४ इंची ड्रमसाठी दहा मिलिमीटरची भिंत हवी असेल आणि पट्ट्या आठच घेतल्या, तर गोल करताना इतकं लाकूड जातं की फळी २३ मिमी जाड लागते. सोळा घेतल्या तर १३ ते १४ मिमीत भागतं. मी सोळा घ्या म्हणेन, त्याला आणखी एक कारण आहे. ड्रमला आठ लग (हेड ताणणारे स्क्रू ज्यांत बसतात ते धातूचे तुकडे) बसवायचे, म्हणजे एक सोडून एक पट्टीच्या बरोबर मध्यावर लग येतो आणि कुठलंही भोक सांध्यावर पडत नाही. तारांचा स्ट्रेनर (तारा ताणायची-सैल करायची कळ) आणि समोरची बट प्लेटही (तारांचं दुसरं टोक धरणारी पट्टी) मधल्या पट्ट्यांवर नेमकी समोरासमोर बसतात. दहा लग हवे असतील तर वीस पट्ट्या.

कडेचा कोन काढायचा हिशोब सोपा आहे. १८० ला पट्ट्यांच्या संख्येने भागा. सोळा पट्ट्यांना ११.२५ अंश, विसांना ९, बारांना १५. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा या कोनात, आतल्या बाजूला निमुळत्या. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिमी, पण खोड त्याहून थोडं लहान ठेवतात, म्हणजे हेड मोकळं बसतं. तयार खोडाचा बाहेरचा व्यास साधारण ३५३ मिमी धरा. घासण्या-तासण्यासाठी थोडं लाकूड राखायचं म्हणून पट्ट्या ३५६ मिमीच्या हिशोबाने कापायच्या. सोळा पट्ट्या असतील तर बाहेरून प्रत्येकीची रुंदी ७१ मिमी, आणि फळी १६ मिमी जाड असेल तर आतून सुमारे ६४.५. साडेपाच इंच खोलीच्या ड्रमसाठी लांबी १५० मिमी ठेवा, शेवटी १४० वर आणू.

हा तिरका काप मात्र हाताने करू नका. जमणार नाही असं नाही, पण इथे चूक गुणली जाते. सोळा पट्ट्यांच्या बत्तीस कडा. प्रत्येक कडेत अंशाच्या दहाव्या हिश्श्याची चूक झाली तरी एकूण तीन अंशांहून जास्त फरक पडतो आणि शेवटच्या सांध्यात सुमारे ०.९ मिलिमीटरची फट उरते. म्हणून दीड-दीड मीटर लांबीच्या, ८० मिमी रुंद, १६ मिमीपर्यंत रंधलेल्या दोन फळ्या घेऊन टेबल सॉ असलेल्या सुताराच्या कारखान्यात जा. त्यांना एवढंच काम सांगा: दोन्ही कडा ११.२५ अंशांत, बाहेरची रुंदी ७१. थोड्या वेळाचं काम आहे. घरी आणून करवतीने प्रत्येक फळीचे नऊ तुकडे करा. सोळा लागतात, दोन हाताशी राहतात.

कारखान्यातून निघण्यापूर्वी मात्र तिथेच एका जादा फळीच्या तुकड्यावर कोन तपासून घ्या. त्याच कोनात कापलेल्या चार पट्ट्या कडेला कड लावून टेपने जोडल्या की पाव वर्तुळ होतं. ते मोठ्या गुण्याच्या आतल्या कोपऱ्याकडे तोंड करून ठेवा. दोन्ही मोकळ्या कडा गुण्याच्या दोन्ही पात्यांना अंगभर टेकल्या तर कोन बरोबर. आतून किंवा बाहेरून उजेड दिसला तर कारागिराला पातं किंचित हलवायला सांगा. यात संकोच करू नका; तुमच्या पुढच्या सगळ्या रविवारांची बचत या तपासणीत आहे.

इथेच तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते, कारण माझ्या मते तुमच्या पत्रातला खरा प्रश्न तोच आहे. कडा दुसऱ्याने कापल्या तर ड्रम तुमचा राहील का? मग मला सांगा, टेन्शन रॉड, म्हणजे हेड ताणणारे लांब स्क्रू, तुम्ही ओतणार आहात का? हेड दाबून धरणारं कडं, म्हणजे रिम, वाकवणार आहात? तारांची गुंडाळी, मायलरचं, म्हणजे प्लॅस्टिकच्या पापुद्र्याचं, हेड? हे सगळं तुम्ही विकतच घेणार आहात आणि त्याबद्दल तुम्हाला काही टोचत नाहीये. टोचतंय ते फक्त लाकडाबद्दल, कारण लाकडाचं काम आपल्याला येतं असा आपला मान आहे. तो मान मी मोडीत काढणार नाही. फक्त तो दोन तिरक्या कापांवर खर्च करू नका. चिकटवणं, गोल करणं, काठ, तारांची खाच, भोकं, पॉलिश, सगळं तुमच्या हातून होणार आहे, आणि ड्रमचा आवाज ज्यावर ठरतो ते सगळं त्यातच आहे.

आता घरचं काम. पट्ट्या बाहेरची बाजू वर करून सपाट टेबलावर ओळीने मांडा, खालची टोकं एका सरळ पट्टीला भिडवा, सांध्यांवरून आडव्या टेप लावा. सगळी चटई अलगद उलटी केली की आतल्या बाजूला उघड्या चिरा दिसतील. त्यांत गोंद भरून गुंडाळी करायची. साधा पांढरा पीव्हीए गोंद पुरतो. पण सगळे सांधे एका दमात चिकटवू नका. समोरासमोरचे दोन सांधे कोरडे ठेवा, त्यांत प्लॅस्टिकचा पातळ कागद घाला, म्हणजे ते धरणार नाहीत. वाळल्यावर खोडाचे दोन अर्धे सुटे होतात. प्रत्येक अर्ध्याच्या दोन्ही कडा काचेवर चिकटवलेल्या पॉलिशपेपरवर एकदमच घासा. काचेवर ठेवल्यावर तो कुठेही डुगडुगला नाही की पुरे. साठलेली सगळी चूक इथे निघून जाते. मग दोन अर्धे जोडा. चार क्लॅम्प पुरतील का अशी तुम्हाला शंका असेल. क्लॅम्प लागतच नाहीत. सायकलच्या जुन्या ट्यूबचे लांब पट्टे कापून ताणून गुंडाळले की घेरावर सगळीकडून सारखा दाब येतो. अर्ध्या तासाने आत ओघळलेला गोंद रबरासारखा झाला की पटाशीने काढून टाका. कडक झाल्यावर तो लाकडाचे टवके घेऊन निघतो. मग एक दिवस त्याला हात लावू नका.

गोल करण्याआधी एक खरेदी उरकायची: दोन्ही हेड, रिम, लग, स्ट्रेनर, तारा, सगळं. बरेच जण आधी खोड करतात आणि मग सामान शोधायला निघतात. उलट करा. हेड हातात असेल तर माप पुस्तकातून घ्यावं लागत नाही. हेड काठावर ठेवल्यावर ते आपल्या वजनाने खाली बसलं पाहिजे आणि बोटाने गोल फिरवता आलं पाहिजे. कुठेही अडकलं तर तिथे अजून लाकूड आहे. आणि एक खोच लक्षात ठेवा: लगसोबत येणारे स्क्रू बहुतेक वेळा पातळ प्लाय खोडासाठी असतात. तुमची भिंत त्याच्या दीडपट-दुप्पट जाड असणार. त्याच आट्याचे लांब स्क्रू तेव्हाच मागून घ्या, नाहीतर ऐनवेळी अडाल.

३५३ मिमी व्यासाची पुठ्ठ्याची चकती कापा. ती खोडाच्या एका टोकावर ठेवून अशी सरकवा की सोळाही पट्ट्यांच्या मध्यावर बाहेर सारखंच लाकूड दिसेल, मग पेन्सिलने आखा. दुसऱ्या टोकाला तसंच. एक जाड वासा टेबलाला असा बांधा की त्याचं टोक बाहेर येईल, खोड त्यावर अडकवा, आणि रंधा टोकापासून टोकापर्यंत चालवा. आधी फक्त सोळा कोपरे उडवा, म्हणजे बत्तीस बाजू होतील. मग ते बत्तीस कोपरे. त्यानंतर रंध्याचं काम संपतं, पॉलिशपेपरचं सुरू होतं. रेघेच्या आत जाऊ नका. आतली बाजू गोल करायच्या फंदात पडू नका; तिथे सपाट पट्ट्या राहिल्या तरी काही बिघडत नाही. हेडला आतली भिंत लागतच नाही. आतून गोंद खरवडून पॉलिशचा हात द्या, बस.

आणि आता काठ. इथे घाई करायची नाही. जाड काचेचा मोठा तुकडा घ्या, आठ-दहा मिलिमीटरचा, आणि तो टेबलावर पक्का करा. त्यावर १२० नंबरचा पॉलिशपेपर सुरकुती न पडू देता चिकटवा. खोडाच्या काठावर पेन्सिलने सगळीकडे वेड्यावाकड्या रेघोट्या मारा, खोड पालथं ठेवा आणि गोल-गोल फिरवत घासा. दर थोड्या वेळाने पकड पाव फेरा बदला. आपला एक हात दुसऱ्याहून नेहमीच जड पडतो आणि काठ एका बाजूला उतरतो. उचलून पाहा. रेघोट्या जिथे शिल्लक आहेत तिथे खड्डा. पुन्हा रेघोट्या, पुन्हा घासणं. रेघोट्या सगळीकडून एकदमच पुसल्या जायला लागल्या की खोली अंधारी करा, खोड स्वच्छ काचेवर ठेवा, आत टॉर्च लावून वरून जाड कापडाने झाका आणि डोळा काठाच्या पातळीत आणून सगळीकडून फिरा. जिथून उजेडाची रेघ झिरपते तिथे काम बाकी आहे. साधा कागद दहाव्या हिश्श्याच्या मिलिमीटरएवढा जाड असतो. त्याची पट्टी कुठेही आत शिरू नये. मग दुसरा काठ, आणि अधूनमधून चार ठिकाणी उंची मोजत राहा, म्हणजे दोन्ही काठ समांतर राहतील.

काठ सपाट झाला की त्याला उतार द्यायचा. बाहेरच्या कडेपासून दोन मिलिमीटरवर पेन्सिलने रेघ आखा आणि तिथून आतल्या बाजूला कानशीने ४५ अंशांचा उतार काढा. कानस नेहमी बाहेरून आत ढकला, नाहीतर बाहेरच्या कडेचे टवके उडतील. मग बाहेरची कड किंचित गोलवा, हेडच्या वळणाला टोचणार नाही इतकीच. वर जेमतेम मिलिमीटरभर सपाट रेघ उरली पाहिजे. शेवटी २४० च्या पेपरवर एक-दोन हलके फेरे, पुन्हा उजेडाची तपासणी, आणि काठावरून मेणबत्ती फिरवा म्हणजे हेड ताण घेताना सरकतं. धारदार काठ जास्त खणखणीत बोलतो, गोलसर काठ मऊ आणि आखूड. पहिल्यांदा धारदारच ठेवा. नंतर गोल करता येतो, उलट करायचं तर खोडच कमी करावं लागतं.

खालच्या काठाला आणखी एक नाजूक काम असतं, आणि घरी केलेले ड्रम बहुतेक तिथेच फसतात. तारा जिथून काठ ओलांडतात तिथे दोन्ही बाजूंना उथळ दरी हवी. ती नसेल तर तारा मध्यभागी हेडला नीट टेकत नाहीत, नुसत्या गुणगुणतात. खोली फक्त एक ते दीड मिलिमीटर. रुंदी मात्र शंभरेक मिलिमीटर, दोन्हीकडे इतकी अलगद मिटणारी की बोट फिरवल्यावर सुरुवात कुठे झाली ते कळू नये. कानशीने सुरुवात करून लाकडी ठोकळ्यावर पॉलिशपेपर गुंडाळून करा. एक मिलिमीटर झालं की थांबा, हेड आणि तारा लावून वाजवून बघा, मग लागलं तर पुढे. जास्त खोल गेलं की हेडला सुरकुती पडते आणि तिला इलाज नाही. खालचं हेड अगदी पातळ असल्यामुळे त्याच्यावर काठी कधीही मारायची नाही, हे मुलीला ठाऊक असेलच. घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगा.

भोकांचं थोडक्यात. लग, स्ट्रेनर, बट प्लेट यांची मापं वस्तूवरूनच घ्या, कागदावर आखा, कागद खोडावर चिकटवा. आतून लाकडाचा ठोकळा दाबून धरा आणि बाहेरून भोक पाडा, म्हणजे आत साल निघणार नाही. हवेसाठी एक १२ मिमीचं भोक विसरू नका. पॉलिश कोणतंही चालेल, फक्त काठांवर थर साठू देऊ नका. आणि मास्क लावल्याशिवाय घासायला बसू नका. लाकडाची धूळ कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच जाहीर केलं आहे. खोलीतली धूळ झाडून उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.

ज्यांच्याकडे तुमच्याएवढीही हत्यारं नाहीत, किंवा जवळपास टेबल सॉ नाही, अशा वाचकांनी प्लायचं कोरं खोड विकत घ्यावं आणि काठापासून पुढचं सगळं स्वतः करावं. त्यात कमीपणा काही नाही. वर काठाबद्दल जे सांगितलं ते सगळं त्यांनाही करावंच लागेल. आणि पैसे वाचवायला म्हणून कोणी यात पडू नये. सामान, हेड, तारा सुटं घेतलं की खर्च तयार ड्रमच्या जवळपास जातोच.

राहिला प्रश्न गुपिताचा, जो तुम्ही विचारला नाहीत. दोन महिन्यांचा हिशोब मांडा. दोन आठवडे लाकूड नुसतं पडून राहणार. चिकटवणं दोन टप्प्यांत, मध्ये वाळणं. गोल करणं आणि काठ मिळून तीन-चार रविवार, पॉलिश वाळायला एक आठवडा. नोकरी सांभाळून हे बेतास बात बसतं, पण काठाला घाई झाली तर सगळंच फुकट. शिवाय दोन वर्षं वाजवणाऱ्या मुलीला स्वतःचा कान असतो. तिला खणखणीत हवाय की मऊ, खोल की उथळ, हे तिला न विचारता तुम्ही ठरवताय. तिच्या हातात पहिल्या दिवशी चकचकीत वस्तू पडावी ही हौस तुमची आहे. हौस असायला हरकत नाही, पण तिच्यापायी काठ बिघडू देऊ नका. मी तुमच्या जागी असते तर वाढदिवसाला गोल झालेलं, पॉलिश न केलेलं खोड आणि सगळं सामान तिच्यासमोर ठेवलं असतं. काठ दोघांनी मिळून केला असता. अंधारात खाली वाकून उजेडाची रेघ शोधायला तेरा वर्षांचे डोळे चाळिशीच्या डोळ्यांपेक्षा नक्कीच बरे. पण घर तुमचं, मुलगी तुमची. गुपित राखायचंच असेल तर निदान तिला सहज विचारल्यासारखं करून तिच्या आवडीचा आवाज कोणता ते काढून घ्या.

या आठवड्यात दोनच कामं करा: फळ्या आणून खोलीत उभ्या करा, आणि टेबल सॉ असलेल्या कारखान्यात जाऊन दोन आठवड्यांनंतरची वेळ ठरवा. जाताना ११.२५ आणि ७१ हे दोन आकडे कागदावर लिहून न्या, आणि गुण्याही सोबत ठेवा.